करवीरची पंगत



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलायला कोणी उभा राहिला, की ताराराणीचा पराक्रम, पन्हाळगडचा वेढा किंवा करवीर राज्याचे तहनामे यांपैकी काहीतरी ऐकायला मिळेल, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. परंतु आज मी आपल्याला दरबारात किंवा रणांगणावर नेणार नाही. चहाच्या दुकानातले बाकडे, बोर्डिंगाचे भोजनगृह, खानावळीतला पाट आणि ओढ्याकाठी अंथरलेले घोंगडे, एवढ्याच ठिकाणी आज आपण बसणार आहोत. या चारही जागा इतिहासाच्या पुस्तकात सहसा आढळत नाहीत. तरीही गेल्या सव्वाशे वर्षांत या नगरीत जी मोठी उलथापालथ झाली, तिची खूण दरबारापेक्षा या चार जागांवर अधिक स्पष्ट उमटली आहे, असे मला वाटते.

काय खावे याविषयी आपण कोल्हापूरकर मोठ्या हौसेने बोलतो. तांबडा रस्सा कोणाचा झणझणीत, पांढरा कोणाचा दाट, मिसळीचा कट कोठे उतरतो, यावर या गावात मैत्र्या जुळतात आणि तुटतातही. पण माणूस काय खातो यापेक्षा तो कोणाच्या हातचे खातो आणि कोणाच्या शेजारी बसून खातो, हा प्रश्न अधिक जुना आणि अधिक अवघड आहे. यासाठी मी दोन शब्द वेगळे करून ठेवतो. एक आहारभेद आणि दुसरा पंक्तिभेद. जैन, लिंगायत किंवा ब्राह्मण घरात मटण शिजत नाही आणि मराठ्यांच्या घरात ते शिजते, हा आहारभेद झाला. त्यात कोणाचा अपमान नाही. शेजारी बसलेल्या माणसाच्या स्पर्शाने माझे ताट विटाळते असे मानणे, हा पंक्तिभेद. आपल्या समाजाने ही दोन्ही सूते इतकी एकत्र पिळली होती, की ती उलगडायला कित्येक पिढ्या लागल्या.

आपल्याकडे हॉटेल ही संस्था उशिरा का आली, याचे उत्तर या पिळातच आहे. जुना प्रवासी घरून दशम्या-भाकऱ्यांची शिदोरी घेऊन निघे. ती संपली की शिधा विकत घेई किंवा मागून घेई आणि धर्मशाळेत किंवा नदीकाठी तीन दगडांची चूल मांडून स्वतः शिजवी. अंबाबाईच्या दर्शनाला येणारा यात्रेकरू असाच जेवत असे. कोरडे धान्य कोणाकडूनही घेता येई. शिजवलेले अन्न मात्र कोणाच्याही हातचे चालत नसे. म्हणजे पीठ, तांदूळ, गूळ यांचा बाजार होता. पण शिजलेल्या अन्नाचा बाजार उभा राहू शकत नव्हता. पुढे खानावळी निघाल्या तेव्हा त्यांतल्या कितीतरी ब्राह्मण आचाऱ्यांच्या निघाल्या. ब्राह्मणाच्या हातचे सर्वांना चालते, एवढा साधा व्यवहार त्यामागे होता. दक्षिणेकडून आलेल्या उडुपी हॉटेलांच्या भरभराटीमागेही स्वच्छता आणि चव यांबरोबर हे एक कारण होते. जातीच्या नियमांना न दुखावता जातीजातींच्या गिऱ्हाइकांना जेवू घालण्याची ती युक्ती होती.

हे नियम किती कडक होते, याचे एक उदाहरण पुण्याचे आहे. १८९० साली तेथील पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी एका कार्यक्रमास गेली. चहा-बिस्किटे पुढे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. ही गोष्ट वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली, वर्षानुवर्षे वाद पेटत राहिला. एक पेला चहा आणि दोन बिस्किटे! ज्या काळात रानडे-टिळकांसारख्यांनाही घोटभर चहाची किंमत मोजावी लागली, त्या काळात साध्या शेतकऱ्याच्या किंवा महाराच्या पोराने कोणत्या दुकानाची पायरी चढायची?

याच सुमारास कोल्हापूरचे रूप पालटू लागले होते. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला आगगाडी आली. १८९४ मध्ये शाहू महाराजांनी राज्याची सूत्रे हाती घेतली आणि दुसऱ्याच वर्षी शाहूपुरीची वसाहत वसवली. तेथे गुळाची पेठ वाढली. १९०६ मध्ये शाहू मिल निघाली. १९१२ मध्ये खासबागेचे कुस्ती मैदान तयार झाले आणि १९१५ मध्ये पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, उभे राहिले. या नाट्यगृहाला २०२४ च्या ऑगस्टमध्ये लागलेली आग आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे अजून असेल. पुढे बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२९ मध्ये येथेच प्रभातचा जन्म झाला.

या सर्व घटना आपण संस्थानच्या प्रगतीची पाने म्हणून वाचतो. त्या प्रत्येकीला एक पोट होते, हे मात्र आपण विसरतो. गुळाच्या गाड्या घेऊन आलेला गाडीवान रात्री पेठेत राही. गिरणीतला कामगार पाळी संपवून बाहेर पडे. नाटकाला आलेला खेडूत दिवस उगवेपर्यंत गावी परतू शकत नसे. तालमीतल्या पोराला खुराक लागे. घरापासून दूर असलेला आणि स्वतः चूल न मांडणारा माणूस या गावात प्रथमच शेकड्यांनी दिसू लागला. शिजलेल्या अन्नाला गिऱ्हाईक मिळाले ते असे. गंगावेशीत म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध देणारा जो दूध कट्टा आपण अभिमानाने पाहुण्यांना दाखवतो, तोही या पैलवानी नगरीच्या भुकेतून आलेला आहे.

या गर्दीत सर्वांत महत्त्वाचा माणूस होता विद्यार्थी. १८९६ मध्ये महाराजांच्या उत्तेजनाने कोल्हापुरात सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह निघाले. हेतू उदार होता. पण थोड्याच वर्षांत तेथे ब्राह्मण विद्यार्थीच तेवढे उरले. महाराज त्यातून धडा शिकले. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग झाले, १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांची सोय झाली, १९०७ मध्ये लिंगायतांची आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल उघडले. पुढे आणखी कितीतरी निघाली. जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जातिभेद वाढवला, असा आक्षेप त्या वेळीही घेतला गेला आणि अधूनमधून आजही घेतला जातो. आक्षेप घेणाऱ्यांनी भोजनगृहात डोकावून पाहावे. एका पंक्तीत बसायला समाज तयार नव्हता आणि म्हणून मुलांनी शिकायचे थांबावे, हे महाराजांना मान्य नव्हते. पंगत एक होईपर्यंत त्यांनी वाट पाहिली नाही. त्यांनी प्रत्येकाच्या पानात आधी अन्न पडेल अशी व्यवस्था केली. शहाणपणाचा तो क्रम होता.

पण वेगवेगळ्या भोजनगृहांची भिंत एका पोराला खटकली. जैन बोर्डिंगमध्ये राहणारा भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी मिस क्लार्क होस्टेलच्या उद्घाटन समारंभाला गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आले, की अस्पृश्यांच्या समारंभाला जाऊन आलास, तेव्हा स्नान केल्याशिवाय भोजनगृहात पाऊल टाकू नकोस. त्याने स्नान करण्याचे नाकारले. परिणामी त्याला ते वसतिगृह सोडावे लागले. जेवणाच्या दारात झालेल्या या एका नकाराचे मोल पुढे अवघ्या महाराष्ट्राला कळले. १९१९ मध्ये याच भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात असे वसतिगृह उघडले, की जेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राबत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंक्तीत बसून जेवत. त्याला नाव दिले ते छत्रपती शाहूंचे. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी ते येऊन पाहिले. कोल्हापूरच्या भोजनगृहात जी पंगत मोडली होती, ती साताऱ्यात अशी जुळली.

आता आपण बोर्डिंगातून रस्त्यावर येऊ. भवानी मंडपाकडे जाणारा भाऊसिंगजी रस्ता आपल्यापैकी प्रत्येकाच्या पायांखालचा आहे. या रस्त्यावर महाराजांच्या अखेरच्या वर्षांत एक चहाचे दुकान निघाले. दुकानाचे नाव सत्यसुधारक हॉटेल आणि मालकाचे नाव गंगाराम कांबळे. गंगाराम जातीने महार. तो सरकारी पागेत नोकरीला होता. तेथे सवर्णांच्या पाण्याला हात लावल्याबद्दल इतर नोकरांनी त्याला झोडपून काढले. महाराजांपुढे जाऊन त्याने पाठीवरचे वळ दाखवले. महाराज संतापले, मारणाऱ्यांना त्यांनी शासन केले आणि गंगारामला सांगितले, की नोकरी सोड, स्वतःचा धंदा काढ, लागेल ती मदत मी करतो.

गंगारामने निवडलेला धंदा पाहा. पाण्याला हात लावल्याबद्दल ज्याला मार बसला, त्याने पाणी उकळून लोकांना पाजण्याचे दुकान काढले. दुकान स्वच्छ होते, चहा चांगला होता. पण महाराच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? दुकान ओस पडले. ही बातमी महाराजांच्या कानांवर गेली. मग त्यांची गाडी फिरायला निघाली, की सत्यसुधारक हॉटेलपुढे थांबू लागली. भर रस्त्यात, सर्वांच्या देखत, छत्रपती गंगारामकडून चहा मागवून घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. सह्यांसाठी कागदपत्रे घेऊन आलेल्यांनाही तेथे गाठ पडे आणि चहा पुढे येई. राजाने घेतला, तर नाही कसे म्हणायचे?

ही गोष्ट आपण राजाच्या मोठेपणाची म्हणून सांगतो. मला तिच्यात तितकाच मोठेपणा गंगारामचा दिसतो. राजाची गाडी रोज थोडा वेळ थांबून निघून जाई. उरलेला सारा दिवस रिकाम्या बाकड्यांपुढे चूल पेटती ठेवण्याचे काम गंगारामचे होते. शिवाय महाराजांनी निवडलेला मार्गही समजून घेण्यासारखा आहे. कायद्याचे शस्त्र त्यांच्या हाती होतेच. १९१९ मध्ये सार्वजनिक जागी अस्पृश्यांना समान वागणूक मिळावी असे हुकूम त्यांनी काढले होते. परंतु हुकुमाने दुकानाचे दार उघडते. गिऱ्हाइकाचे तोंड उघडत नाही. त्यासाठी कोणीतरी आधी स्वतःच्या ओठांना पेला लावावा लागतो. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे मान्य केले, हे सर्वश्रुत आहे. त्याच भाषणात त्यांनी बाबासाहेबांना रजपूतवाडीच्या तळावर आपल्याबरोबर भोजनाला येण्याचे आमंत्रण दिले होते, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. सभेत शेजारी बसणे एक आणि ताटाशेजारी ताट मांडणे दुसरे. राजकारणाचे आणि समाजकारणाचे अंतर किती, तर या दोन पाटांमधले.

शाहू महाराज १९२२ मध्ये गेले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५० मध्ये भारताचे संविधान अमलात आले. या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख आहे. तेथे धर्म, जात, लिंग यांच्या कारणाने कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे तो सांगतो. राष्ट्राच्या मूलभूत हक्कांत हॉटेलाचे नाव कशाला, असे परक्या माणसाला वाटेल. भाऊसिंगजी रस्त्यावरच्या त्या रिकाम्या बाकड्यांची आठवण असणाऱ्याला तसे वाटणार नाही. पुढे १९५५ मध्ये अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला. तरीही कित्येक गावांतल्या हॉटेलांत वेगळ्या कपबश्या वळचणीला टांगलेल्या असत आणि त्या पिणाऱ्यानेच विसळून ठेवायच्या असत. शहरात मात्र गर्दीने कायद्याला साथ दिली. तर्रेदार कटाच्या घमघमाटात शेजारचा गिऱ्हाईक कोण, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. एका बाकड्यावर चार अनोळखी माणसे, मधोमध चिरलेल्या कांद्याची आणि लिंबाची थाळी, पावाच्या कापांची चवड आणि कपाळावर घाम. कोल्हापूरच्या मिसळीने समाजसुधारणेचे व्याख्यान कधी दिले नाही, पण तिचे काम तिने केले.

मिसळीबरोबर रश्शाचीही थोडी कैफियत ऐका. आपला तांबडा रस्सा शिवकाळापासून, नव्हे त्याही आधीपासून चालत आला आहे, असे अभिमानाने सांगणारे मला भेटतात. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने मानसोल्लास लिहिला, त्यात राजाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन आहे. मांडे आहेत, वडे आहेत, मांसाचे नाना प्रकार आहेत. मिरची मात्र नाही, आणि असणारही नाही. कारण मिरची अमेरिका खंडातली. ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्याला लागली. ज्या तांबड्या रंगावर आपण कोल्हापूरपण तोलतो, तो परदेशी पाहुणा आहे आणि आपण त्याला घरात घेऊन घरचा केला. कोल्हापूरच्या चुलीला परके वावडे नाही, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

रश्शाचा दुसरा गुण असा, की तो वाढतो. बोकड एक आणि पाहुणे दीडशे, अशी वेळ घरच्या कार्यात येते. मटणाचे तुकडे मोजके असतात. त्यांच्या शिजल्या पाण्यातून, म्हणजे अळणीतून, नारळाच्या दुधाचा आणि खसखस-काजूच्या वाटणाचा पांढरा रस्सा होतो. कांदा-लसणाच्या चटणीवर तांबडा होतो. पाहुणा वाढला की पातेल्यात पाण्याचा तांब्या वाढतो. रश्शाने जेवण्याची पद्धत ही मुळात चार माणसे जास्त बसवण्याची पद्धत आहे.

येथे आपण हॉटेल सोडून सणाकडे वळतो आणि माझ्या विषयाचा नाजूक भाग सुरू होतो. हॉटेलातल्या पंक्तीला निमंत्रण नसते. पैसे असले की बसता येते. घरच्या कार्याला निमंत्रण असते. बारसे, जावळ, लग्न, वास्तुशांत यांना कोणाला बोलावले, हा घराचा खरा जाहीरनामा. कोल्हापूरच्या पेठांत आषाढात गल्लीगल्लीची त्र्यंबोली यात्रा होते. पंचगंगेचे नवे पाणी घागरींतून वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर जाते, वर्गणीतून नैवेद्य होतो, मटणाचे वाटे घराघरांत जातात आणि मग प्रत्येक घर आपापल्या पै-पाहुण्यांना हाक घालते. हा उत्सव जातीचा नसून गल्लीचा असतो. गल्लीत जो राहतो तो वर्गणी देतो आणि वाट्याचा धनी होतो. ईदेचा शिरखुर्मा आणि दिवाळीच्या फराळाची ताटे याच गल्ल्यांतून एका उंबऱ्यावरून दुसऱ्या उंबऱ्यावर जातात.

क्षणभर समुद्रापलीकडे पाहू. मलेशियात पेनांग किंवा क्वालालंपूर या शहरांत मलय, चिनी आणि तमिळ असे तीन समाज पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात. तिन्हींचे आहार वेगळे. मुसलमानाला डुकराचे मांस निषिद्ध, कित्येक हिंदूंना गाईचे. तरी तेथे ‘कोपीतियाम’ नावाची कॉफीची दुकाने आहेत, तमिळ मुसलमानांची ‘मामाक’ खाणावळ आहे आणि माणसे रोजचे खाणे घराबाहेर बसून खातात. सणासुदीला तर आणखी एक प्रथा आहे. तिला ते ‘रुमाह तर्बुका’ म्हणजे उघडे घर म्हणतात. ईदेला मलय माणूस, चिनी नववर्षाला चिनी माणूस आणि दीपावलीला तमिळ माणूस आपले दार उघडे ठेवतो आणि इतर समाजांचे शेजारी, सहकारी फराळाला येतात. पाहुण्याला चालेल असेच त्याच्यापुढे ठेवण्याची काळजी यजमान घेतो. त्या समाजांत ताण नाहीत असे नव्हे. पण आहारभेद राखूनही पंक्तिभेद टाकता येतो, एवढे त्यातून दिसते. आपल्या गल्लीच्या यात्रेत या उघड्या घराचे बीज आहे. ते किती रुजले, हे प्रत्येकाने आपल्या घरच्या लग्नाची यादी काढून पाहावे.

पंक्तिभेदाची आणखी एक बाजू आहे आणि तिच्याविषयी बोलताना आपण सारे पुरुष थोडे खाली पाहतो. जातीच्या पंक्तीविषयी इतके झगडे झाले. पण घरातल्या शेवटच्या पंक्तीविषयी फारसे कोणी बोलले नाही. पहिली पंगत पाहुण्यांची, दुसरी घरच्या पुरुषांची, तिसरी मुलांची आणि सर्वांत शेवटी, पातेल्याच्या बुडाला उरलेल्या रश्शाबरोबर, जिने पहाटेपासून चूल सांभाळली तिची. लग्नात विहिणीची पंगत तेवढी मानाची. पण ती बाईला नव्हे, वरमाईला मिळते.

माझी आजी शिवाजी पेठेतली. तिला मी हॉटेलात गेलेली कधी पाहिली नाही. हॉटेलांत तेव्हा पडदा लावलेली ‘फॅमिली रूम’ असे. तिच्यात जाऊन बसणे तिला चोरी केल्यासारखे वाटे. सणाला ती कधी आमच्याबरोबर जेवली नाही. ती वाढत असे. अपवाद एकच. मार्गशीर्षात सौंदत्तीची यात्रा करून लोक परतले, की आपल्या ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा भरते. त्या दिवशी घराघरांतून भाकऱ्या, वांग्याची भाजी, घुगऱ्या, कांद्याची पात, गाजरे आणि आंबिलीची घागर बांधून घेऊन माणसे देवळाच्या परिसरात जातात, नैवेद्य दाखवतात आणि मोकळ्यावर गोल करून बसतात. सारे शिजवणे घरी उरकलेले. वाढायला स्वयंपाकघर नाही, उठायला चूल नाही. आजी आमच्या मधोमध बसे. भाकरीवर भाजी घेऊन ती आमच्याबरोबर पहिला घास घेई आणि जेवताना बोलत असे. ती जेवताना कशी दिसते, हे मला वर्षातून त्या एकाच दिवशी कळे. लहानपणी मला वाटे, यात्रा म्हणून आजी खूष आहे. पुष्कळ वर्षांनी माझ्या ध्यानात आले, की ती खूष होती ती बसायला मिळाले म्हणून.

बाहेरचे जेवण म्हणजे हॉटेल, अशी आपली समजूत आहे. पण आंबील यात्रा हेही बाहेरचेच जेवण आहे आणि जे काम भाऊसिंगजी रस्त्यावरच्या चहाने जातीच्या बाबतीत आरंभिले, तेच या ओढ्याकाठच्या गोलाने वर्षातून एक दिवस बाईच्या बाबतीत केले. उंबऱ्याच्या आत जे नियम अढळ वाटतात, ते उंबऱ्याबाहेर सैल होतात. म्हणून समाजाची पंगत आधी घराबाहेर बदलली आणि घरात ती उशिरा आली. काही घरांत अजून यायची आहे.

दुसऱ्यांना जेवू घालणाऱ्या स्त्रियांची गोष्टही येथे जोडून सांगतो. कोल्हापूर, सातारा आणि कोकण येथून हजारो माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. त्यांची पोटे भरली ती गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांनी. महिन्याच्या बोलीवर त्या दोन्ही वेळचे जेवण देत आणि किराणा भरण्यासाठी सावकाराकडून जबर व्याजाने पैसे उचलत. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. आपल्या गावातही घरगुती खानावळींच्या आधारावर कितीतरी विधवांनी, परित्यक्तांनी मुले शिकवली. त्यांच्या नावाचे फलक नाहीत. त्यांच्या पानावर जेवून शिकलेले वकील, मास्तर आणि कारकून हीच त्यांची स्मारके.

आज चित्र पालटले आहे. रविवारी संध्याकाळी मटणाच्या ताटासाठी हॉटेलांबाहेर अख्खी कुटुंबे ताटकळत उभी असतात. सासू, सून, नात एका टेबलाला बसतात आणि त्यांना वाढणारा दुसराच असतो. रंकाळ्यावर भेळेच्या गाडीपाशी कोणी कोणाची जात विचारत नाही. मंगल कार्यालयांत केटरर आला, बुफे आला आणि पाट, रांगोळी, पंगत हे सारेच गेले. जुन्या पिढीला त्याची हळहळ वाटते आणि आग्रहाने वाढण्यातली माया गेली हे मलाही जाणवते. पण त्या रांगोळीच्या शेवटच्या टोकाला, ओसरीच्या खाली, कोणाची पाने मांडली जात होती, हेही आठवावे, आणि मग हळहळावे. उलट, पंगत गेली म्हणून पंक्तिभेद गेला असे समजून निश्चिंतही होऊ नये. तो आता पाटावर दिसत नाही; तो आमंत्रणाच्या यादीत, भाड्याच्या घराच्या अटीत आणि डब्यात काय आणले आहे या चौकशीत जाऊन बसला आहे.

गंगारामच्या दुकानापुढे थांबायला एक राजा होता. त्याच्या भिडेने का होईना, माणसांनी पहिला घोट घेतला. आता राजा नाही, आणि नसावाच. आता आपल्यापैकी प्रत्येकाला आपली गाडी स्वतःच थांबवावी लागेल. येत्या सणाला आपल्या घरी पाने मांडताना दोनच गोष्टी पाहा, एवढीच माझी विनंती आहे. जो आजवर आपल्या उंबऱ्याच्या आत जेवायला आला नाही असा एक तरी शेजारी पहिल्या पंक्तीत आहे ना? आणि जिने स्वयंपाक केला ती त्याच पंक्तीत बसली आहे ना? या दोन पाटांवर माणसे बसली, की करवीरच्या पंगतीचा इतिहास पुढच्या पानावर जाईल.

 रात्र झाली आहे, घरोघरी ताटे वाढायची असतील. मी आपली रजा घेतो.